रात्री नऊला तुटणारा आवाज : हेडसेटच्या नोंदी

सोमवार, ३ मार्च

वही आजपासून. गेले तीन आठवडे हा बिनवायरचा हेडसेट रडवतोय. दर वेळी मी काहीतरी खटपट करते, आवाज सुधारतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. काय केल्यावर सुधारला होता ते तोवर विसरलेलं असतं. म्हणून आता लिहून ठेवायचं.

काम : मुलाखतींचं शब्दांकन. दिवसाचे पाच-सहा तास कानात दुसऱ्याचं बोलणं, मधूनमधून ऑनलाइन बैठका.

सामान : डेस्कटॉप, विंडोज १०. पत्र्याचं कॅबिनेट टेबलाखाली, उजव्या पायाशी. इंटरनेट वायरीने येतं. मदरबोर्डवर ब्लूटूथ नाही, म्हणून नखाएवढं यूएसबी डोंगल घेतलंय, ते कॅबिनेटच्या मागच्या बाजूला खोचलेलं. हेडसेट दोन्ही कानांवर बसणारा, माइकसकट.

तक्रार : आवाज बिघडतो.

एवढं लिहिलं आणि अडकले. बिघडतो म्हणजे काय? कधी तुटतो, कधी बसतो. तीन आठवडे वैतागतेय आणि नेमकं काय होतं ते मलाच सांगता येत नाही.

मंगळवार, ४ मार्च

धाकट्या भावाला फोन केला. "ताई, ड्रायव्हर काढून नव्याने टाक." प्रिंटर अडला तरी त्याचं हेच उत्तर असतं. तरी केलं. डिव्हाइस मॅनेजरमधून ब्लूटूथ अ‍ॅडाप्टर अनइन्स्टॉल केला, रीस्टार्ट केलं, ड्रायव्हर नवा टाकला. हेडसेट यादीतून काढून पुन्हा पेअर केला. हात लागलेच आहेत तर म्हणून विंडोजचं अडलेलं अपडेटही उरकलं.

दुपारभर आवाज स्वच्छ. इथे "मिटलं" असं लिहिलं होतं. ते खोडलंय. रात्री जेवून बसले आणि पुन्हा तुटायला लागला.

शिवाय एकाच सकाळी तीन-चार गोष्टी बदलल्या. यातल्या एकीने काही फरक पडलाच असता, तर तो कुणामुळे हे कळायला मार्ग नव्हता. इथून पुढे एका दिवसाला एकच बदल.

बुधवार, ५ मार्च

हेडसेट मोबाइलला जोडला. तीच खुर्ची, तीच मुलाखत, रात्री नऊ ते दहा. एकदाही तुटला नाही.

हेडसेट निर्दोष सुटला. दोष कॉम्प्युटरच्या बाजूला.

गुरुवार, ६ मार्च

आज बरंच उलगडलं, म्हणून सविस्तर.

सकाळी बैठक होती. ती सुरू व्हायच्या आधी मुलाखतीची फाइल चालू होती, आवाज छान. बैठकीच्या खिडकीत शिरले त्या क्षणी मुलाखत घेणारी बाई जणू घशाला फडकं बांधून बोलायला लागली. तुटणं अजिबात नाही, एकही अक्षर गळत नाही, फक्त सगळं दबलेलं, जुन्या टेलिफोनसारखं. बैठक संपवली, दोन सेकंद गेले, आवाज परत उघडला.

म्हणजे माझ्या "बिघडतो" या एका शब्दात दोन वेगळ्या तक्रारी कोंबलेल्या होत्या. बसणं वेगळं, तुटणं वेगळं. आज फक्त बसण्याच्या मागे लागले.

साउंडच्या जुन्या पॅनेलमध्ये माझा एकच हेडसेट दोन नावांनी दिसतो : एकदा "हेडफोन्स", स्टिरिओ, एकदा "हेडसेट", हँड्स-फ्री. इतके दिवस ही दुसरी नोंद मला चुकून राहिलेली वाटायची. ती चूक नाही. ब्लूटूथवर आवाज न्यायच्या दोन वाटा आहेत. पहिली ए-टू-डी-पी : कॉम्प्युटरकडून कानाकडे, एकतर्फी, दोन्ही कानांना वेगळा आवाज. तिथला नेहमीचा एसबीसी कोडेक (आवाज आकसून पाठवायची पद्धत) सेकंदाला सव्वातीनशे किलोबिटच्या आसपास पोहोचतो, आणि तेवढ्यात गाणंही बरं वाजतं. दुसरी वाट एचएफपी : मुळात फोनवर बोलण्यासाठी केलेली, दुतर्फी. तिथे येण्याला आणि जाण्याला मिळून जागा बेताची, म्हणून आवाज मोनो, म्हणजे दोन्ही कानांना एकच, आणि सेकंदाला त्याचे फक्त ८,००० नमुने, म्हणजे तेवढ्याच वेळा मोजलेला. पुढे १६,००० नमुन्यांची सोय आली, पण ती हेडसेटलाही यावी लागते आणि डोंगललाही. हँड्स-फ्रीच्या नोंदीत "अ‍ॅडव्हान्स्ड" उघडून पाहिलं. तिथे स्वच्छ लिहिलंय : १ चॅनल, १६ बिट, ८००० हर्ट्झ, टेलिफोन क्वालिटी. मला टेलिफोनसारखं ऐकू येत होतं, कारण तो टेलिफोनच होता.

कुठल्याही प्रोग्रामने हेडसेटचा माइक उघडला की पहिली वाट बंद होते आणि सगळा आवाज दुसऱ्या वाटेने येतो. मुलाखतसुद्धा, गाणंसुद्धा, विंडोजचं "टिंग"सुद्धा.

८,००० नमुने म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचं काहीही येणार नाही, नमुने जितके, त्याच्या निम्म्यापर्यंतचीच कंपनं टिपता येतात. आणि आपल्या "स"ची शीळ असते ती बरीचशी त्याच्या वर. चमच्यातला "च", जहाजातला "ज", असे सगळे दाताशी घासून येणारे उच्चार तिथेच राहतात. गेल्या आठवड्यात एका मुलाखतीत "सात"च्या जागी "फात" ऐकू आलं होतं, आणि मी समासात "बोलीतला उच्चार?" असं लिहून ठेवलंय. बिचाऱ्या आजोबांची काही चूक नव्हती.

शुक्रवार, ७ मार्च

पण बैठक नसतानाही आवाज बसायचा. मग माइक कोण उघडतं?

सेटिंग्ज, मग प्रायव्हसी, मग मायक्रोफोन. खाली प्रोग्रामांची यादी आणि कुणी शेवटचं कधी ऐकलं ते. एकापुढे "सध्या वापरात". शब्दांकनासाठी वापरते तोच प्रोग्राम. त्यात "थांब", "मागे जा" असं तोंडाने सांगायची सोय आहे. मी ती एकदा गंमत म्हणून सुरू केली होती, मग विसरले. तो बिचारा दिवसभर माझ्या हुकमाची वाट बघत माइक धरून बसलेला. घड्याळाशेजारी माइकचं इवलंसं चित्रही दिसत होतं, तीन आठवडे.

सोय बंद केली. कानात हलकं "टक्" आणि मुलाखत उघडली.

बैठकांसाठी जुना वायरचा माइक खणातून काढून टेबलावर ठेवला. हेडसेटच्या माइकला रजा. पण बैठकीचा प्रोग्राम आपल्या मनाने हेडसेटचाच माइक निवडतो, म्हणून मुळावरच घाव : डिव्हाइसेस अँड प्रिंटर्समध्ये हेडसेटवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, सर्व्हिसेस, आणि "हँड्स-फ्री टेलिफोनी"ची खूण काढली. दुसरं नाव यादीतून गेलं. आता या कॉम्प्युटरवर हेडसेटचा माइक चालणारच नाही, आणि ते मला चालतं. ज्यांना वेगळा माइक ठेवणं शक्य नाही त्यांनी असं करू नये.

शनिवार, ८ मार्च

बैठकीत शिरलं की मुलाखतीचा आवाज एकदम बारीक. दबलेला नाही, फक्त बारीक. क्षणभर धस्स झालं. पण हे ब्लूटूथचं नव्हे. साउंड पॅनेलमध्ये "कम्युनिकेशन्स" म्हणून एक पान आहे, तिथे बोलणं सुरू झाल्यावर बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचे असं मुळातच ठरवलेलं असतं. "काही करू नका" निवडलं. पाच मिनिटांचं काम.

रविवार, ९ मार्च

संध्याकाळी सात ते साडेदहा काम. एकदाही तुटला नाही. काही बदललेलं नाही. "मिटलं" हा शब्द या वहीत पुन्हा लिहायचा नाही असं ठरवलंय, म्हणून लिहीत नाही.

सोमवार, १० मार्च

बरं झालं लिहिलं नाही. रात्री ९.०३ ला तुटायला सुरुवात.

आता बसण्याची तक्रार मधे नाही, त्यामुळे हे तुटणं नीट ऐकता आलं. दर्जा उत्तम, फक्त मधूनच अर्धं अक्षर ते एक शब्द गायब. "आम्ही तिथून निघालो" याचं "आम्ही ति... घालो". समासात रेघा ओढत मोजलं : पंधरा मिनिटांत १८.

संशय राउटरवर. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं आणि वायफायचा जुना पट्टाही तोच. ब्लूटूथने त्या पट्ट्याच्या एकेक मेगाहर्ट्झच्या ७९ चिरफळ्या केल्यात आणि सेकंदाला १,६०० वेळा ते एकीवरून दुसरीवर उडी मारतं. वायफाय एका वेळी २० मेगाहर्ट्झ अडवून बसतं. ९.२० ला राउटरचा २.४ बंद करून फक्त ५ गिगाहर्ट्झ ठेवला. तुटणं चालूच. ९.२८ ला एकदम थांबलं.

राउटर? आठ मिनिटं उशिराने? २.४ पुन्हा सुरू केला. तरीही तुटत नाही. मग राउटर नव्हे.

खरं तर एकट्या राउटरने एवढी नासधूस व्हायलाच नको. गर्दीच्या चिरफळ्या ओळखून त्या टाळायची युक्ती ब्लूटूथमध्ये १.२ या आवृत्तीपासून, म्हणजे २००३ पासून आहे. भावाचं मत : "नऊला सगळी बिल्डिंग काहीतरी बघत बसते ताई, हवेत जागा कुठाय." पटण्यासारखं आहे. पण मग काल रविवारी बिल्डिंग काय लवकर झोपली होती?

मंगळवार, ११ मार्च

एकच बदल : वीज वाचवायची सोय बंद. पॉवर ऑप्शन्समध्ये "यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड" बंद केलं, म्हणजे डोंगल मधेच डुलकी घेणार नाही.

रात्री ९.०२ ते ९.२९. फरक शून्य.

बुधवार, १२ मार्च

आता दिवसाही तुटतोय! अर्ध्या तासाला पाच-सहा वेळा, सकाळी दहापासून. हे याआधी कधीच नव्हतं. बदल फक्त कालचा, आणि तो तर मदत करणारा. परत फिरवला नाही. (फिरवायला हवा होता. वहीचा नियम मीच केलेला, मीच मोडला.)

दिवसा तुटायला लागल्याचा एक फायदा झाला, प्रयोग करता आले. सरळ बसले की कमी तुटतो. डावीकडे वळून पाय आडवा घेतला की जास्त. गुडघा कॅबिनेटच्या आड येतो तेव्हा सर्वांत जास्त. माणसाचं शरीर म्हणजे पाण्याचं मडकं, आणि हा पट्टा पाण्यात बराच जिरतो. त्यात डोंगल कॅबिनेटच्या मागे, मधे अख्खा पत्रा. लाट थेट येतच नाही, भिंतीवर आपटून वळसा घालून येते. मोबाइलवर तुटत नव्हता यात नवल नाही, तो हातभर अंतरावर समोर पडलेला होता.

पण गुडघा रात्री नऊला सुरू होऊन साडेनऊला थांबत नाही.

गुरुवार, १३ मार्च

सापडलं.

रात्री ९.०४. घरात सामसूम. मुलाखतीतल्या बाई बोलता बोलता बराच वेळ थांबल्या, कानात पूर्ण शांतता, आणि त्या शांततेत पायाशी कुठेतरी बारीक खर्र... खर्र. हेडसेट उतरवला. आवाज कॅबिनेटच्या मागून. वाकून पाहिलं. भिंतीच्या फटीत ठेवलेली बॅकअपची बाहेरची हार्ड डिस्क. दिवा लुकलुकतोय.

ती भावानेच गेल्या वर्षी लावून दिलेली. "ताई, तू बघूसुद्धा नकोस, सोमवार ते शनिवार रात्री नऊला आपोआप होईल." मी खरोखरच बघितलं नाही. तिचं यूएसबी ३चं निळं तोंड कॅबिनेटच्या मागच्या दोन निळ्या खाचांपैकी वरच्या खाचेत. आणि खालच्या खाचेत, बोटभर अंतरावर, माझं डोंगल.

बॅकअप थांबवला, डिस्क रीतसर बाहेर काढली. तुटणं बंद, त्याच क्षणी. पुन्हा लावून बॅकअप सुरू केला, तुटायला लागला. बंद. सुरू. तीन वेळा केलं. तिसऱ्यांदा गरज नव्हती, पण इतक्या आठवड्यांनी एवढा आनंद घ्यावा माणसाने.

आणि वहीच्या आधीच्या तीन आठवड्यांचं कोडंही सुटलं. नऊला तुटायला लागलं की मी खटपट करायचे : हेडसेट बंद-चालू कर, डोंगल काढून लाव, काहीतरी. ते आटपेपर्यंत साडेनऊ व्हायचे, बॅकअप संपायचा, आवाज सुधारायचा, आणि श्रेय मला मिळायचं.

शुक्रवार, १४ मार्च

डिस्क वायरीने जोडलेली, मग ती हवेतला आवाज कसा तोडते? हे रात्रभर डोक्यात होतं.

यूएसबी ३ ची वायर सेकंदाला ५ गिगाबिट या वेगाने धावते. एवढ्या वेगाने वरखाली होणारी वीज वायरीत आणि तोंडाच्या सांध्यात पूर्ण कोंडून राहत नाही. तिचा थोडा गोंगाट बाहेर सांडतो, आणि तो सांडतो रुंद पट्ट्यात, नेमका २.४ ते २.५ गिगाहर्ट्झवरही. इंटेलने २०१२ मध्ये याच विषयावर मोजमापांसकट टिपण काढलं होतं. त्यांच्या मोजणीत यूएसबी ३ ची डिस्क जोडल्यावर या पट्ट्यातला मूळचा गोंगाट जवळजवळ २० डेसिबलने वाढला. २० डेसिबल म्हणजे शंभरपट. आणि हा गोंगाट एका कोपऱ्यात नाही, पट्टाभर पसरलेला, त्यामुळे ब्लूटूथ उडी मारून मारून जाणार कुठे? राउटर टाळता येतो, हा टाळता येत नाही.

ऐकू येणं-न येणं हे बोलणाऱ्याच्या आवाजावर जेवढं, तेवढंच भोवतीच्या गलक्यावर. माझ्याकडे दोन्हीची वाट लागलेली. पत्र्याने आणि गुडघ्याने लाट बारीक केलेली, डिस्कने गलका वाढवलेला.

१२ तारखेचं गौडबंगालही यातच असावं. एरवी बॅकअप संपला की डिस्क आणि तिची वायर झोपी जायची. सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करून मी डोंगलला जागं ठेवायला गेले आणि डिस्कलाही दिवसभर जागं ठेवलं. आज ते पूर्ववत केलं. दुपारपर्यंत एकदाही नाही.

रात्रीचा पडताळा : डिस्क निळ्या खाचेतून काढून काळ्या, यूएसबी २ च्या खाचेत लावली. तीच डिस्क, तीच वायर, पण आता ४८० मेगाबिटच्या वेगाने. तुटणं शून्य. म्हणजे दोष डिस्कचा नव्हे, वेगाचा. पण पंचवीस मिनिटांचा बॅकअप सव्वा तास चालला. हा कायमचा इलाज नाही.

शनिवार, १५ मार्च

कायमचा इलाज अगदीच साधा निघाला. यूएसबी २ ची एक मीटरची एक्स्टेन्शन वायर. डोंगल तिच्या टोकाला, टेबलावर, मॉनिटरच्या पायाशी, हेडसेटच्या नजरेच्या टप्प्यात. दुसरं टोक पुढच्या काळ्या खाचेत. डिस्क मागे पुन्हा निळ्या खाचेत, तिच्या पूर्ण वेगाने. ब्लूटूथला सेकंदाला जास्तीत जास्त ३ मेगाबिट लागतात, त्यामुळे डोंगलला निळी खाच देण्यात काहीच कमाई नव्हती. निळी म्हणजे चांगली, म्हणून मीच तिथे खोचलं होतं.

रात्री नऊ ते साडेनऊ, बॅकअप चालू : तुटणं शून्य. मुद्दाम पाय आडवा घेऊन बसले. शून्य. उठून खोलीच्या दाराबाहेर गेले, तिथे दोनदा तुटला. ते माझ्या कामाच्या बाहेरचं.

भावाला कळवलं. तो म्हणाला, "मग ड्रायव्हर नव्याने टाकलास ते वाया नाही गेलं ना?" फोन ठेवला.

सोमवार, १७ मार्च

९.१७ ला एकदा गेला. छातीत धडधड. पण हे तुटणं नव्हतं. तीन सेकंद पूर्ण शांतता आणि मग आवाज परत. ५ तारखेपासून हेडसेट मोबाइललाही जोडलेला राहिलाय. तो एकाच वेळी दोघांचं ऐकतो. मोबाइलवर निरोप आला, हेडसेट तिकडे धावला, परत आला. मोबाइलच्या यादीतून हेडसेट काढला.

मंगळवार, १८ मार्च

काही नाही.

बुधवार, १९ मार्च

हेडसेटचा माइक अजून बंदच. टेबलावरच्या माइकमध्ये कीबोर्डची टकटक जाते, बैठकीतल्यांनी दोनदा सांगितलं. दोन वाटांची कटकट मुळापासून मिटवणारी सोय आहे, एलई ऑडिओ : एलसी३ नावाचा नवा कोडेक, माइक उघडला तरी आवाज इतका बसत नाही. पण त्यासाठी हेडसेट, डोंगल, ड्रायव्हर आणि विंडोज या चौघांनाही ती यावी लागते. माझ्याकडे चौघांपैकी एकालाही येत नाही. तोवर माइकखाली घडी घातलेला टॉवेल. टकटक निम्मी झाली.

आज मागच्या तीन आठवड्यांच्या मुलाखती काढल्या. "अस्पष्ट" अशी खूण केलेल्या जागा मोजल्या : ४१. त्या सगळ्या पुन्हा ऐकल्या. २९ ठिकाणी शब्द लख्ख ऐकू आले. "फात"चे "सात" केले, समासातली ती बोलीची टीप काढून टाकली. उरलेल्या बारा जागी हेडसेटचा काही दोष नाही, तिथे आजोबाच पुटपुटलेत.